रानपिंगळ्याचा पत्ता

थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळी कासारसाईच्या धरणावर पुण्या-पिंपरीकडील मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून येतात. आम्हीही त्यांतलेच. हिंजवडीची वर्दळ मागे टाकावी, कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांमागून सावकाश जावे, पाण्याच्या कडेचे धोबी, तुतवार आणि खंड्या पाहावेत, आणि उन्हे चढू लागली की परतावे, असा आमचा क्रम. परतताना वाटेवरच्या एका जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळा दिसतो. तो मान खालीवर करून आमच्याकडे पाहतो. आम्ही त्याच्याकडे पाहत नाही. पिंगळा काय, कोठेही दिसतो! पहाटे कंदील घेऊन कुडमुडे वाजवीत दारी येणाऱ्या जोशालाही आपण पिंगळाच म्हणतो, इतका हा पक्षी आपल्या घरचा.

या पिंगळ्याचा एक भाऊबंद मात्र असा आहे की, त्याला पाहण्यासाठी जगभरातून माणसे पैसे मोजून महाराष्ट्रात येतात. त्याचे नाव रानपिंगळा. मध्य हिंदुस्थानातील जंगलांचा पट्टा सोडला तर पृथ्वीच्या पाठीवर तो अन्यत्र कोठेही नाही. अशा प्रदेशनिष्ठ पक्ष्यांच्या शोधात वाटाड्या घेऊन हिंडणे हा आता मोठा प्रवासधंदा झाला आहे. आपल्याकडील हौशी मंडळीही केनिया-टांझानियात जाऊन, तेवढ्याच एका डोंगरात राहणारी पाखरे पाहून येतात. त्यांनी जावे, अवश्य जावे. परंतु आपल्या खानदेशातला हा पक्षी एकशे तेरा वर्षे हरवला कसा आणि सापडला कसा, ही हकीगत त्यांनी निघण्यापूर्वी ऐकावी असे आम्हांस वाटते. पक्षी हरवला म्हणजे वस्तुतः त्याचा पत्ता हरवला होता, आणि तो हरवण्यात एका लबाड माणसाचा हात होता.

प्रारंभ १८७२ सालचा. त्या वर्षीच्या डिसेंबरात ब्लेविट नावाच्या साहेबाने फुलझर भागात, म्हणजे आजच्या छत्तीसगडात, एक लहान घुबड मारले आणि ते अॅलन ह्यूम यांच्याकडे धाडले. ह्यूम म्हणजे तेच, ज्यांना आपण काँग्रेसचे जनक म्हणतो. काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ साली पुण्यात भरावयाचे होते, पटकीच्या साथीमुळे ते मुंबईस गेले, ही गोष्ट पुणेकरांस सांगावयास नको. पण राजकारणात पडण्यापूर्वी या गृहस्थाला पाखरांचे वेड होते. सिमल्याच्या घरी त्यांनी हजारो पक्षी भरून ठेवले होते आणि ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचे नियतकालिक ते स्वतः चालवीत. १८७३ साली त्यांनी या घुबडाचे वर्णन छापले व ब्लेविटचे नाव त्याला दिले. पुढे ह्यूम यांच्या हस्तलिखितांची रास नोकराने बाजारात रद्दी म्हणून विकली, तेव्हा त्यांचे मन उडाले आणि १८८५ साली सारा संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. रद्दीवाल्याने हिंदुस्थानच्या पक्षिशास्त्राचे केवढे नुकसान केले आणि राजकारणाचे कदाचित केवढे कल्याण केले, याचा हिशेब कोणी मांडावा!

दुसरा नमुना १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञास ओरिसातील खरियारकडे मिळाला. नंतर आला आपला खानदेश. जेम्स डेव्हिडसन नावाचे मुलकी अधिकारी त्या वेळी तिकडे होते. कचेरीचे काम सांभाळून ते पक्षी टिपत, घरटी पाहत आणि जे पाहिले ते लिहून ठेवीत. पश्चिम खानदेशातील पक्ष्यांची एक यादी त्यांनी ह्यूम यांच्या नियतकालिकात छापली. १८८० नंतरच्या दोन-चार वर्षांत शहादे-तळोद्याच्या जंगलात त्यांना हे घुबड अनेकदा भेटले. प्रत्येक पक्ष्याच्या पायाला त्यांनी चिठ्ठी बांधली : गाव, तारीख, नर की मादी. या चिठ्ठीचे महत्त्व श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. भरलेला पक्षी चिठ्ठीवाचून केवळ कापूस आणि पिसे. चिठ्ठी असली म्हणजे तो दस्तऐवज होतो.

१८८४ नंतर रानपिंगळा कोणासही दिसला नाही. जगातल्या साऱ्या संग्रहालयांत मिळून सात नमुने, एवढाच त्याचा संसार उरला. त्या सातांतील एकाची चिठ्ठी मात्र वेगळे सांगत होती : ९ ऑक्टोबर १९१४, मांडवी, तापीकाठ. म्हणजे गुजरात. टिपणारे कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌सहागेन.

हे नाव आफ्रिकेच्या प्राणिशास्त्रातही वारंवार येते. १९०२ साली ते सैन्यातून पूर्व आफ्रिकेत गेले. तेथील अरण्यातल्या एका प्रचंड रानडुकराला त्यांचे नाव आहे. पहिल्या महायुद्धात ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून जी फौज आफ्रिकेतील टांगा बंदरावर चालून गेली, तिच्यात ते हेरखात्याचे अधिकारी होते. पुढे ते नामांकित पक्षितज्ज्ञ झाले. १९३७ साली अफगाणिस्तानच्या पक्षिमोहिमेत आपले सालिम अली त्यांच्याबरोबर होते. १९५४ साली त्यांनी आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला अर्पण केला. अशा माणसाच्या चिठ्ठीवर कोण संशय घेणार? त्याच संग्रहालयाने फार पूर्वी एकदा परवानगीवाचून पक्षी नेल्याबद्दल त्यांना पक्ष्यांच्या दालनात येण्यास बंदी केली होती, ही गोष्ट कुजबुजीपुरती राहिली. मोठ्या माणसाविषयीची कुजबुज कागदावर येत नाही.

मग शोध सुरू झाले. सर्वांत अलीकडची नोंद मांडवीची, तेव्हा शोधणारांचे लक्ष तिकडेही वळणे साहजिक होते. स्वतः सालिम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांनीही सत्तरीच्या दशकात या पक्ष्यासाठी खटपट केली, पण हाती काही लागले नाही. मधल्या काळात रानपिंगळ्याचा म्हणून नागपूरकडचा एक फोटोही पुढे आला. तो निघाला साधा पिंगळा, आपल्या आंब्यावरचा. पक्षी नामशेष झाला असे पुष्कळांचे मत बनत चालले.

येथे आपल्या इतिहाससंशोधकांची आठवण होते. सनद बनावट आहे की अस्सल, हे आमचे जाणते लोक कसे ठरवितात? कागद पाहतात, शाई पाहतात, वळण पाहतात, आणि ज्या दिवशी सनद दिली म्हणतात त्या दिवशी देणारा होता कोठे, हेही पाहतात. नेमके हेच काम वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेतील पामेला रासमुसेन या विदुषीने केले. त्या रिप्ले यांच्या हाताखाली दक्षिण आशियाच्या पक्षिग्रंथाचे काम करीत होत्या. माइनर्ट्‌सहागेन यांच्या इतर पक्ष्यांवरील चिठ्ठ्या खोट्या असल्याचा बोभाटा १९९३ साली झालाच होता. रासमुसेन व इंग्लंडचे नायजेल कॉलर यांनी मांडवीचे घुबड क्ष-किरणांखाली धरले. तो पक्षी उसवून पुन्हा भरलेला होता! आतल्या जुन्या बांधणीची जी खूण राहून गेली होती ती डेव्हिडसनच्या हातची. म्हणजे कर्नलसाहेबांनी खानदेशचा पक्षी संग्रहालयातून उचलला, नवे रूप दिले आणि आपल्या नावाची चिठ्ठी बांधून परत केला. हा सारा छडा १९९९ साली लंडनच्या ‘आयबिस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

मांडवी खोटी ठरल्यावर उरले काय? ब्लेविटचे फुलझर, बॉलचे खरियार आणि डेव्हिडसनचे शहादे. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे हिंदुस्थानात आले. यांतले किंग हे हौशी लोकांना आशियाभर पक्षी दाखवीत हिंडविणारे नाणावलेले वाटाडे; आग्नेय आशियाच्या पक्ष्यांवर त्यांचे पुस्तकही आहे. प्रथम ते पूर्वेकडे गेले. तेथे काही मिळाले नाही. मग शहाद्यास आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी, सातपुड्याच्या पायथ्याशी, उघड्याबोडक्या झाडावर बसलेले एक घुबड किंग यांस दिसले. माथ्यावर ठिपके नाहीत, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पोट पांढरे, पाय दांडगे. रासमुसेन यांनी संग्रहालयात ज्याचे कातडे पुन्हापुन्हा न्याहाळले होते तेच जिवंत समोर. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली, चलच्चित्रही घेतले. त्या दिवशी शहादे धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा पुढल्या जुलैत झाला. आजची पुस्तके सरसकट नंदुरबार लिहितात, ते समजून घ्यावे.

रानपिंगळा दिवसा वावरतो, हिवाळ्यात सकाळी उंच शेंड्यावर ऊन खात बसतो. सरडे, उंदीर त्याचे भक्ष्य. तेव्हा त्या रानात सरपण गोळा करणाऱ्या, मोहू वेचणाऱ्या भिल्ल-पावरा माणसाच्या दृष्टीस तो पडला नसेल असे आम्हांस वाटत नाही. पण पक्षी हरवल्याची वर्दी त्यांना देण्यास कोणी गेले होते काय?

आफ्रिकेतही असेच घडले आहे. अमेरिकेचे जेम्स चॅपिन यांना १९१३ साली काँगोच्या इतुरी अरण्यात एका स्थानिक माणसाच्या टोपीत खोवलेले अनोळखी पीस मिळाले. कोणत्या पक्ष्याचे ते काही केल्या कळेना. १९३६ साली बेल्जममधील टेर्व्ह्युरेन येथील संग्रहालयात कपाटावर पडलेले दोन भरलेले पक्षी त्यांना दिसले; चिठ्ठी होती, हिंदुस्थानी मोराची बाहेरून आणलेली पिले! चॅपिननी पीस ताडून पाहिले. तो निघाला आफ्रिकेचा स्वतःचा मोर, साऱ्या जगाला अज्ञात. पुढल्याच वर्षी ते काँगोत गेले आणि तो मिळवून आले. टांझानियातील उडझुंग्वा डोंगरातला एक प्रदेशनिष्ठ तित्तिर तर १९९१ साली डॅनिश संशोधकांना प्रथम शिजत्या भांड्यात भेटला. तरंगणारे पाय पाहून त्यांना शंका आली. दोन्हीकडे पक्षी ज्यांच्या रानातला त्यांना तो ठाऊकच होता. एक त्याचे पीस टोपीत खोवीत होता, दुसरा त्याला रांधीत होता. येथे चिठ्ठीतली चूक अजाणता झाली होती, आमच्या कर्नलसाहेबांसारखी जाणूनबुजून नव्हे. दोहोंत फरक आहे खरा, पण चुकीच्या चिठ्ठीने शोधणारा फसतो तो सारखाच.

शहाद्याचा पत्ता बरोबर निघाल्यावर पुढचे काम पटापट झाले. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी १९९८ पासून पाहणी केली. तळोदे, तोरणमाळ, मेळघाट येथे पक्षी मिळाले. मध्य प्रदेशातही मिळाले. २०१४ साली मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात तो दिसला, तेव्हा मुंबईकर चकित झाले. गंमत अशी की, नंतर तो गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही सापडला, आणि डांग मांडवीपासून फार दूर नाही. यावरून कर्नलसाहेबांची बाजू घेणारे एक गृहस्थ आम्हांस भेटले. आमचे म्हणणे, बनावट सनदेत लिहिलेले गाव खरोखरच असले म्हणून सनद अस्सल ठरत नाही. २०१८ साली जागतिक संघटनेने त्याला अतिसंकटग्रस्त वर्गातून संकटग्रस्त वर्गात आणले. ही बढती मुख्यतः नव्या जागा कळल्यामुळे मिळाली. जंगलतोड काही थांबलेली नाही.

आता त्याच्यासाठी वाटाडे आहेत, प्रवासी आहेत. काही ठिकाणी त्याचा आवाज यंत्रावर वाजवून त्याला बोलावितात. पक्षी दिसावा, फोटो मिळावा, याची घाई. विणीच्या दिवसांत घरट्यापाशी असा आवाज वाजविणे आम्हांस मुळीच पसंत नाही. परका नर आला समजून तो बिचारा काम टाकून धावतो. चांगला वाटाडा हे करीत नाही. तो आधीच्या दिवशी तेथे जाऊन आलेला असतो, झाड ठाऊक असलेला असतो.

हे सांगताना आमचीही एक कसूर सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात लागोपाठच्या दोन रविवारी आम्ही भिगवण आणि कासारसाई केले. टिपणे त्या त्या दिवशी लिहिली नाहीत. आठवड्याने आठवून लिहिली. त्यात भिगवणला पाहिलेले नऊ चक्रवाक कासारसाईच्या पानावर गेले. एका स्नेह्याने विचारले, ते कोणत्या काठाला होते? आम्ही विचार करू लागलो आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते उजनीचे पाणी. तोवर आमच्या वहीवरून दोघांनी यादी उतरवून घेतली होती. एकाने तो आकडा खोडला. दुसऱ्याची यादी तोपर्यंत छापून झाली होती.