गादी, माती आणि गदा



सातारा-सांगलीकडच्या कोणत्याहि मोठ्या गांवीं यात्रेच्या दिवशीं तिसरा प्रहर टळला कीं हलगी कडाडूं लागते, आणि देवदर्शन आटोपलेल्या माणसांचे पाय आपोआप कुस्तीच्या मैदानाकडे वळतात. पुसेगांवच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेंत हें दृश्य दिसतें, कुंडलच्या मैदानावर दिसतें, आणि लहानशा खेड्यांतहि दिसतें. वडिलांच्या खांद्यावर बसून मीं पहिली कुस्ती पाहिली तेव्हां मला डावपेंच कांहींच उमगले नाहींत; पण शेवटच्या कुस्तीच्या वेळीं हजारों माणसें एकदम गप्प झालीं, ती शांतता मात्र साठ वर्षांनंतरहि माझ्या कानांत आहे. त्या शेवटच्या कुस्तीविषयीं, म्हणजे अखेरचा जेता कसा ठरवावा या प्रश्नाविषयीं, आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

जुन्या मैदानाची रीत अशी. आधीं लहान मुलांच्या कुस्त्या, मग चढत्या इनामाच्या, आणि सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती शेवटीं. कोणाची जोड कोणाशीं लावावयाची हें गांवचीं जाणतीं माणसें ठरवीत. पाठ मातीला लागली कीं निकाल. ती लागली नाहीं तर पंच कुस्ती बरोबरींत सोडवीत. या मैदानांतून थोर मल्ल दिसत, परंतु सर्वांत थोर कोण हें ठरत नसे. ज्याच्याशीं आपली जोड कधीं लागलीच नाहीं, त्याच्यापुढें आपण श्रेष्ठ कीं कनिष्ठ हें मल्लानें जाणावें कसें? ही उणीव भरून काढावयास पायरीपायरीनें वर नेणारी स्पर्धा हवी होती.

मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानें १९५३ सालीं राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली, आणि १९६१ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरांत, महाराष्ट्र केसरी किताबाची पहिली स्पर्धा झाली. तो पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारी यांनीं मिळविला. पुढें २००७ व २००८ अशीं लागोपाठ दोन वर्षें सांगली जिल्ह्याच्याच चंद्रहार पाटील यांनीं हा किताब घेतला.

या स्पर्धेची रचना मोठी विचार करण्याजोगी आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडून आलेले मल्ल येथें एकत्र येतात. किताबाच्या गटांत ८६ पासून १२५ किलोपर्यंतच्या वजनाचे मल्ल लढतात, आणि या गटाच्या दोन शाखा असतात : एक मातीची, दुसरी गादीची. प्रत्येक शाखेंत एकेक प्रतिस्पर्धी बाद होत होत एकच जेता उरतो, आणि हे दोघे जेते शेवटच्या दिवशीं गदेसाठीं समोरासमोर उभे राहतात. वेळ अवघा सहा मिनिटांचा. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. अलीकडच्या काळांत ही अखेरची लढत गादीवर होते. म्हणजे मातीवर सर्वांना जिंकून आलेल्या मल्लाला निर्णायक घटकेस परक्या भूमीवर पाय रोवावे लागतात. माती पायाला धरून ठेवते, दमाची परीक्षा घेते. गादी चपळाईला झुकतें माप देते. तेव्हां जो हरतो तो मल्ल म्हणून हरतो कीं भूमीमुळें हरतो, हा प्रश्न दरवर्षीं प्रेक्षकांच्या मनांत उठतो.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असें मात्र नाहीं. सातासमुद्रांपलीकडे कॅनडांत बर्फावर हॉकी खेळतात. तेथील गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ले यांनीं १८९२ सालीं त्या खेळासाठीं एक चषक दिला आणि पुढच्याच वर्षीं तो प्रथम जिंकला गेला. आरंभीं संघ आव्हान देऊन चषकासाठीं खेळत. आपल्या मैदानांतल्या जोडीसारखीच ती रीत होती. पुढें पूर्वेकडील व पश्चिमेकडील अशा दोन धंदेवाईक मंडळांचे विजेते चषकासाठीं झुंजूं लागले. दोन्हीं मंडळांचे नियम वेगळे असल्यामुळें एक सामना एकाच्या नियमांनीं तर दुसरा दुसऱ्याच्या नियमांनीं खेळला जाई. गादी आणि माती यांचा तंटा त्यांनीं असा पाळीपाळीनें सोडविला होता! १९२७ पासून हा चषक एकाच मंडळाच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या, ताब्यांत आला. आज हंगाम संपल्यावर सोळा संघ निवडले जातात, चार फेऱ्या होतात, आणि प्रत्येक फेरींत सातांपैकीं चार सामने जिंकील तोच पुढें सरकतो. एका दिवसाचें दुर्दैव तेथें दुसऱ्या दिवशीं धुऊन काढतां येतें. आपल्या मल्लाला मात्र तीं सहाच मिनिटें मिळतात.

स्पर्धेची मांडणी मल्लाचें नशीब कसें घडविते, याची सर्वांत मोठी साक्ष कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं मिळते. खाशाबा जाधव हे तेथले. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें ते उतरले तेव्हां गादीची त्यांना संवय नव्हती. तरीहि त्यांनीं सहावा क्रमांक मिळविला. १९५२ सालीं हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता. गांवानें वर्गणी केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं स्वतःचें घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. तेथें एक दीर्घ कुस्ती संपते न संपते तोंच खाशाबांना सोव्हिएत मल्लाशीं लढण्यास बोलाविलें गेलें. मध्यंतरीं विश्रांतीचा नियम होता; पण त्यांच्या बाजूनें तो सांगावयास भारतीय अधिकारी जवळ नव्हता. ते हरले आणि कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याचा अभिमान बाळगतांना, विश्रांतीचा तो अर्धा तास मिळता तर काय झालें असतें, हा विचार मनाला चाटून गेल्याशिवाय राहत नाहीं.

पुढील पिढीनें गादीहि आपलीशी केली. १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई स्पर्धांत शिराळा तालुक्यांतील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने या दोघांनीं प्रत्येकीं एक सुवर्ण व एक रौप्य पदक मिळविलें. एकाच जिल्ह्यांतल्या दोन गांवांनीं देशाला चार पदकें दिलीं, ही गोष्ट आपल्या मुलांना भूगोलाच्या तासालाहि सांगावी अशी आहे.

साथीच्या रोगामुळें २०२१ सालीं महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली नाहीं. कॅनडांतहि १९१९ सालीं इन्फ्लुएंझामुळें अखेरची झुंज अर्ध्यावर सोडावी लागली होती, आणि त्या वर्षीं चषक कोणासच मिळाला नाहीं. खंडानंतर ही स्पर्धा एप्रिल २०२२ मध्यें साताऱ्यास भरली. गादीकडून कोल्हापूरचा पृथ्वीराज पाटील आणि मातीकडून विशाल बनकर समोरासमोर आले. आरंभीं मागें पडलेल्या पृथ्वीराजनें शेवटीं ५-४ अशी बाजी मारली. एका गुणानें वर्षाचा निकाल लागला! पुढच्या वर्षीं, मार्च २०२३ मध्यें, महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलींत झाली, आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिनें कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा उचलली. पहिला पुरुष महाराष्ट्र केसरी सांगलीचा आणि पहिली महिला महाराष्ट्र केसरीहि सांगलीचीच. मध्यें बासष्ट वर्षें गेलीं.

परंतु गदेचें मोल ती एक असण्यांत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्यें दोन संघटनांच्या भांडणामुळें याच नांवाच्या दोन स्पर्धा झाल्या, एक फुलगांवला आणि दुसरी धाराशिवला. एका महिन्यांत दोन केसरी झाले. २०२५ सालीं अहिल्यानगरास पंचांच्या निर्णयावरून हातघाईचा प्रसंग आला आणि दोघां मल्लांवर तीन वर्षांची बंदी घालण्यांत आली. मल्लाचें तें वर्तन चुकीचेंच. पण त्याच्या संतापामागें सहा मिनिटांवर लागलेला वर्षांनुवर्षांचा घाम असतो, हेंहि विसरूं नये.

हें मी पंचांच्या बाजूनेंहि सांगूं शकतों. शिक्षक असतांना शालेय कुस्त्यांत मी गुणलेखनास बसत असें. एकदां एक मुलगा एका गुणानें हरला. तो गुण मीं ज्याच्या नांवावर लिहिला तो खरोखर त्याचाच होता कीं नाहीं, याची मला त्याच रात्रीं शंका आली. मुलगा निमूटपणें पाया पडून गेला होता. आज त्याचा चेहरा आठवत नाहीं, पण तो गुण आठवतो. म्हणून मला वाटतें, स्पर्धा कोठें भरवावी आणि किती थाटानें भरवावी यापेक्षां तिची मांडणी न्यायाची असावी ही काळजी आधीं वाहिली पाहिजे : संघटना एक, पंच जाणते, विश्रांती पुरेशी, आणि मातीच्या मल्लाला गादीच्या सरावाची सोय त्याच्या गांवाजवळच.

एवढें झालें तर हरणाराहि निकाल मनापासून मानील. २०२० सालीं पुण्यास हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके या एकाच तालमींतल्या दोघां मित्रांची अंतिम कुस्ती झाली. हर्षवर्धन ३-२ नें जिंकला, आणि जिंकतांच त्यानें हरलेल्या शैलेशला आपल्या खांद्यावर उचलून घेतलें. अशा निकालानंतर गदा कोणाच्या हातीं गेली याचें वैषम्य कोणास वाटत नाहीं.