अनाथांच्या पाठीशी सातासमुद्रापारचे आर्मेनियन

कॉकेशस पर्वतराजीत वसलेला आर्मेनिया हा सुमारे ३० लाख लोकवस्तीचा लहानसा देश. देशाबाहेर स्थायिक झालेल्या आर्मेनियन वंशाच्या लोकांची संख्या मात्र याच्या दुपटीहून अधिक मानली जाते. रशिया, अमेरिका, फ्रान्स, लेबनॉन अशा अनेक देशांत विखुरलेल्या या समाजाने एक जबाबदारी शंभर वर्षांहून अधिक काळ आपली मानली आहे, ती म्हणजे पोरक्या मुलांच्या संगोपनाची. आज हे काम प्रामुख्याने शहरोशहरीच्या छोट्या शाखा आणि त्यांतील बिनपगारी स्वयंसेवक करतात. मात्र शंभर वर्षांत ‘अनाथ’ या शब्दाचा अर्थच पालटल्यामुळे मदत नेमकी कोणाला आणि कशी पोहोचवावी, हा प्रश्न या स्वयंसेवकांपुढे उभा राहिला आहे.

परंपरेचे मूळ

परदेशस्थ आर्मेनियनांच्या संघटित मदतकार्याचा प्रारंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच झाला होता. १९०६ मध्ये बोघोस नुबार पाशा यांच्या पुढाकाराने कैरो येथे ‘आर्मेनियन जनरल बेनेव्होलंट युनियन’ ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर नऊ वर्षांनी ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियनांचा वंशसंहार सुरू झाला. लाखो माणसे मारली गेली वा सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलली गेली आणि हजारो मुले आईवडिलांविना उरली.

या मुलांसाठी अमेरिकेत १९१५ मध्येच मदत समिती उभी राहिली. पुढे ‘निअर ईस्ट रिलीफ’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या संस्थेने १९३० पर्यंत ११ कोटी ६० लाख डॉलर्सची मदत पोहोचवली आणि आर्मेनियन, ग्रीक, असिरियन अशा १ लाख ३२ हजार अनाथ मुलांचा सांभाळ केला. तेव्हाच्या अलेक्झांड्रोपोल, म्हणजे आजच्या ग्युमरी शहरात, जुन्या रशियन लष्करी बराकींमध्ये २० हजारांहून अधिक मुले एकाच वेळी राहत होती. त्यामुळे या शहराला ‘अनाथांचे शहर’ असे नाव पडले. लेबनॉनमधील गझीर येथील अनाथ मुलींनी विणलेला गालिचा कृतज्ञता म्हणून १९२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट देण्यात आला. चाळीस लाखांहून अधिक गाठींचा हा गालिचा आजही व्हाइट हाउसच्या संग्रहात आहे.

समाजातील धनिकांनीही आपला वाटा उचलला. इजिप्तमधील तंबाखूचे व्यापारी मेल्कोनियन बंधूंच्या देणगीतून सायप्रसमधील निकोसिया येथे १९२६ मध्ये निवासी शाळा सुरू झाली. तिचे पहिले विद्यार्थी वंशसंहारातून वाचलेले अनाथच होते. ही शाळा २००५ मध्ये बंद झाली. आज परदेशात राहणाऱ्या कित्येक आर्मेनियन कुटुंबांतील आजोबा-पणजोबा अशाच एखाद्या अनाथालयात वाढले आहेत. त्यामुळे अनाथांसाठी वर्गणी देणे ही त्यांच्या दृष्टीने परक्यांवर केलेली मेहेरबानी ठरत नाही.

भारतातील धागा

या परंपरेचा एक धागा भारताशीही जोडलेला आहे. व्यापाराच्या निमित्ताने आलेल्या आर्मेनियनांची वस्ती सुरत, मद्रास, कोलकाता आणि मुंबईत होती. मुंबईच्या फोर्ट भागात त्यांनी १७९६ मध्ये चर्च बांधले. कोलकात्यात १८२१ मध्ये स्थापन झालेले ‘आर्मेनियन कॉलेज अँड फिलँथ्रॉपिक अकॅडमी’ आजही सुरू आहे. कादंबरीकार थॅकरे यांचा जन्म ज्या वास्तूत झाला, त्याच जागेवर ही शाळा पुढे स्थलांतरित झाली. शहरातील आर्मेनियन वस्ती जवळजवळ ओसरली असली, तरी विसाव्या शतकात प्रामुख्याने इराणमधून आणि नंतर आर्मेनिया, इराक येथून आलेल्या मुलांना या शाळेने निवास आणि शिक्षण दिले.

भूकंप आणि हलाखी

७ डिसेंबर १९८८ रोजी सोव्हिएत आर्मेनियाच्या उत्तर भागात झालेल्या भूकंपात सुमारे २५ हजार माणसे दगावली. स्पिटाक शहर जमीनदोस्त झाले. ग्युमरी, तेव्हाचे लेनिनाकान, पुन्हा एकदा पोरक्या मुलांचे शहर बनले. तीन वर्षांत सोव्हिएत संघराज्य कोसळले, नागोर्नो-काराबाखसाठी युद्ध पेटले, सीमा बंद झाल्या आणि ऐन हिवाळ्यात वीज व इंधनाचा दुष्काळ पडला. कारखाने बंद पडल्याने कर्ते पुरुष रोजगारासाठी रशियाकडे गेले आणि त्यांतील काही परतलेच नाहीत. मागे राहिलेल्या मातांपैकी अनेकींनी, निदान दोन वेळचे अन्न तरी मिळेल या आशेने, मुलांना सरकारी बालगृहांत ठेवले. याच काळात ग्युमरीत आर्मेनियन कॅथलिक भगिनींनी ‘अवर लेडी ऑफ आर्मेनिया’ हे मुलांसाठीचे केंद्र सुरू केले.

शाखेचे काम कसे चालते?

या पार्श्वभूमीवर अमेरिकेत २००५ मध्ये ‘सोसायटी फॉर ऑर्फन्ड आर्मेनियन रिलीफ’ ही संस्था सुरू झाली. ‘सोअर’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. केवळ अनाथ आर्मेनियन मुलांसाठी काम करणाऱ्या या संस्थेचा डोलारा स्वयंसेवकांवर उभा आहे. तिच्या जगभरात शंभरहून अधिक शाखा निघाल्या. आर्मेनियाप्रमाणेच लेबनॉनसारख्या देशांतील आर्मेनियन बालगृहांनाही तिची मदत होते.

शाखा म्हणजे बहुधा एकाच शहरातील मोजके स्वयंसेवक. कोणी शिक्षक, कोणी वकील, कोणी गृहिणी. नोकरी-व्यवसाय सांभाळून ते सहभोजने, संगीताचे कार्यक्रम, निधीसाठीच्या पदयात्रा भरवतात. बालगृहाकडून गरजांची यादी येते. हिवाळी बूट, औषधे, गाद्या, धुलाईयंत्र, दातांचे उपचार, शाळेचे साहित्य अशा तिच्यातील बाबी अगदी साध्या असतात. एखादी बाब शाखा आपल्याकडे घेते आणि तिच्यापुरता निधी उभा करते. फूल ना फुलाची पाकळी देणाऱ्यालाही आपल्या पैशाचे काय झाले हे कळते, हे या पद्धतीचे बलस्थान आहे. अठराव्या वर्षी संस्थेबाहेर पडावे लागणाऱ्या तरुणांना शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणे, हाही या कामाचा महत्त्वाचा भाग आहे. वय झाले म्हणून छप्पर गेले आणि परत जायला घर नाही, अशा अवस्थेत त्यांची फसवणूक व शोषण होण्याची भीती सर्वाधिक असते.

अनाथ कोणाला म्हणायचे?

‘ह्यूमन राइट्स वॉच’ या संघटनेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, आर्मेनियातील निवासी संस्थांमधील ९० टक्क्यांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक पालक हयात होते. गरिबी हे मुलांना संस्थेत ठेवण्याचे मोठे कारण, तर अपंगत्व हे दुसरे. घराजवळच्या शाळेत सोय नसल्याने अनेक अपंग मुले संस्थेत पोहोचली आणि तेथेच मोठी झाली.

येथेच परदेशातील मदतीची कसोटी लागते. बालगृहाला नवे छत, नवे स्वयंपाकघर मिळाले तर आतील मुलांचे हाल निश्चितच कमी होतात. परंतु घरी चूल पेटत नसताना संस्थेत गरम जेवण मिळत असेल, तर मुलाला तेथे पाठवण्याचा कुटुंबाचा कल वाढतो. तोच पैसा घरभाडे, व्यायामोपचार किंवा आईच्या रोजगारासाठी खर्च झाला, तर मूल घरी राहू शकते. मात्र बालगृहाच्या इमारतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. घरी राहिलेल्या मुलाचे छायाचित्र निधीसंकलनाच्या कार्यक्रमात दाखवता येत नाही.

सुट्टीत बालगृहाला भेट देणाऱ्या स्वयंसेवकांबाबतही हाच विचार करावा लागतो. आठवडाभर जीव लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांमुळे मुलांच्या मनावर पुन्हा पुन्हा ताटातुटीचा आघात होतो, असे बालकल्याण क्षेत्रातील तज्ज्ञ सांगतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मधील ठरावात मुलांना संस्थांमध्ये ठेवण्याची पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे आवाहन केले. आर्मेनियानेही २०१४ मध्ये शिक्षणविषयक कायद्यात दुरुस्ती करून सर्व मुलांना सामान्य शाळेत सामावून घेण्यासाठी २०२५ ही मुदत ठरवली होती. मोठी बालगृहे कमी करून मुलांना स्वतःच्या किंवा पालक कुटुंबात पाठवण्याचे धोरणही सरकारने स्वीकारले.

नवे संकट

२०२० च्या शरद ऋतूतील ४४ दिवसांच्या युद्धात अनेक मुलांनी वडील गमावले. सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाखमधून एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत आर्मेनियात आले. या कुटुंबांकडे मुले होती, पण घर आणि उत्पन्न उरले नव्हते. अशा वेळी भाड्याचा एखादा हप्ता किंवा शाळेची फी हीसुद्धा मूल संस्थेत जाण्यापासून रोखणारी मदत ठरू शकते.

१९१५ नंतरच्या मुलांना परत पाठवायला घरच उरले नव्हते, म्हणून त्या काळी अनाथालये बांधणे अपरिहार्य होते. आजच्या बहुसंख्य मुलांची आई कोठे तरी हयात आहे. शाखांनी निधी उभारताना तिचाही पत्ता विचारला, तर पूर्वजांकडून आलेली ही जबाबदारी अधिक नेमकेपणाने पार पडेल.