कारखान्याची पाळी आणि उपासनेचे वर्ष : जवाहरनगरचा धर्मग्रामीण विचार

भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगर ही आयुध निर्माणीची वसाहत होय. १९६० च्या दशकात उभी राहिलेली ही निर्माणी दीर्घकाळ आयुध निर्माणी मंडळाच्या अखत्यारीत होती. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीचा भाग झाली.

अशा वसाहतीत कोणाचेही वडिलोपार्जित घर नसते. कुटुंबे नोकरीनिमित्त येतात, सरकारी निवासस्थानात राहतात आणि बदली वा निवृत्तीनंतर निघून जातात. जुन्या गावातील धर्मग्रामाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या नात्यांचा आधार असतो. येथे तो नसतो. मग भिन्न प्रांतांतून, भिन्न मातृभाषा घेऊन आलेल्या कॅथलिक कुटुंबांना एका कुटुंबात बांधणारे काय असते? आमच्या मते ते उपासनेचे वर्ष होय. आगमनकाळापासून ख्रिस्तराजाच्या सणापर्यंतचा हा क्रम सर्वांना ठाऊक असतो आणि सर्वांचा असतो.

महाधर्मप्रांताची पार्श्वभूमी

भंडारा जिल्हा नागपूर महाधर्मप्रांतात मोडतो. विशाखापट्टणमपासून वेगळे होऊन १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला व १९५३ साली त्यास महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. या प्रदेशात सुवार्ताकार्याचा पाया फ्रान्समधील अॅनसी येथून आलेल्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या मिशनरी धर्मगुरूंनी घातला. नागपूरचे कॅथेड्रलही याच संताच्या नावे आहे.

या संताची शिकवण कामगार वसाहतीला विशेष जवळची आहे. १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या भक्तिजीवनाविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले, की भक्ती ही केवळ मठवासीयांची मिरास नव्हे. सैनिकाच्या छावणीत, कारागिराच्या कर्मशाळेत आणि संसारी माणसाच्या घरातही ती तितकीच शक्य आहे. पाळीवर निघालेल्या कामगाराने मनात धरावा असाच हा विचार आहे.

आगमनकाळ व नाताळ

नाताळापूर्वीच्या चार रविवारांनी आगमनकाळ घडतो. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांदरम्यान येतो. भंडारा हा धानाचा जिल्हा. याच सुमारास कापणी, मळणी उरकत आलेली असते आणि ताजी तणस सहज मिळते. येशूजन्माचा देखावा उभारण्याची प्रथा संत फ्रान्सिस असिसीकर यांनी १२२३ साली ग्रेच्चो येथे रूढ केली. आपल्या गोठ्यासाठी विकतच्या शोभेपेक्षा शेजारच्या शिवारातील तणस अधिक शोभून दिसते, असे आम्हांस वाटते.

नाताळास रात्रीचे, पहाटेचे आणि दिवसाचे असे वेगवेगळे मिस्साविधी आहेत. रात्रपाळीच्या भाविकाला मध्यरात्री येता आले नाही, तरी त्याचा सण हुकत नाही. रविवारच्या बाबतीतही हेच लागू आहे. धर्मनियमसंहितेच्या १२४८ व्या कलमानुसार आदल्या दिवशीच्या सायंकाळच्या मिस्सात सहभागी झाल्यासही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते.

२४ जानेवारी

२४ जानेवारी हा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण. २०२५ साली याच दिवशी सकाळी जवाहरनगरच्या निर्माणीत भीषण स्फोट होऊन इमारतीचे छत कोसळले आणि अनेक कामगारांना प्राण गमवावे लागले. अशा वेळी दुःख कोणत्याही एका धर्माचे राहत नाही. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी परतेल, या भरवशावरच वसाहतीतील प्रत्येक घर चालते. म्हणून या सणाच्या दिवशी भाविकांच्या प्रार्थनेत त्या मृत कामगारांचे व त्यांच्या कुटुंबीयांचे स्मरण असावे, अशी आमची नम्र विनंती आहे.

प्रायश्चित्तकाळ व पास्का

वसंतसंपातानंतरच्या (२१ मार्च) पौर्णिमेनंतर येणारा रविवार हा पास्काचा रविवार. म्हणून त्याचा दिनांक दरवर्षी बदलतो : २०२६ साली ५ एप्रिल, तर २०२७ साली २८ मार्च. राखेच्या बुधवारी कपाळी लावली जाणारी राख मागील वर्षीच्या झावळ्यांपासून केलेली असते. त्या दिवशी व शुभ शुक्रवारी १८ वर्षे पूर्ण झालेल्यांनी साठाव्या वर्षाच्या प्रारंभापर्यंत उपवास, तर १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांनी मांसवर्जन करावयाचे असते. विदर्भातील कडक उन्हात राबणाऱ्यांना हा नियम जाचू नये यासाठी आजारी व कष्टाचे काम करणाऱ्यांबाबत धर्मगुरू योग्य मार्गदर्शन करतात.

श्रमाचा, मातेचा व धान्याचा सण

१ मे हा श्रमिक संत योसेफ यांचा सण पोप बारावे पायस यांनी १९५५ साली सुरू केला. कारखान्याच्या वसाहतीत तो मुख्य सणाच्या तोलामोलाने साजरा व्हावा. १५ ऑगस्टला पवित्र मरियेचे स्वर्गोन्नयन आणि स्वातंत्र्यदिन एकत्र येतात. ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनी, मंगळूरकडील कॅथलिक कुटुंबे नव्या भाताची कणसे आशीर्वादित करून घरी नेतात. भंडाऱ्यात मात्र तेव्हा बहुतांश धान निसवणीच्या टप्प्यावर असते. येथील कापणीचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. म्हणून कृतज्ञतेची पहिली ओंजळ जपमाळेच्या महिन्यानंतर, ख्रिस्तराजाच्या सणाच्या आसपास वेदीवर अर्पण करणे येथील मातीशी सुसंगत ठरेल.

नोंदवहीचे महत्त्व

बदली होणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. ज्या धर्मग्रामात स्नानसंस्कार झाला, तेथील नोंदवहीतच पुढे दृढीकरण व विवाह यांचीही नोंद केली जाते (कलम ५३५). विवाहासमयी तेथूनच नवा दाखला आणावा लागतो. म्हणून मुलांच्या स्नानसंस्काराचे स्थळ व दिनांक घरात लिहून ठेवावेत, आणि नव्या ठिकाणी पोहोचताच तेथील प्रमुख धर्मगुरूंना भेटून कुटुंबाची नोंद करावी.

समारोप

निवासस्थान रिकामे करावे लागते. धर्मग्रामात जुळलेली माणसे मात्र सुटत नाहीत. नव्याने आलेल्या कुटुंबाचे पहिल्याच रविवारी स्वागत करणे, निघणाऱ्यांना वेदीसमोर आशीर्वाद देऊन निरोप देणे, पाळीमुळे न आलेल्यांची विचारपूस करणे, या साध्या गोष्टींतूनच वसाहतीचे रूपांतर ख्रिस्ती समूहात होते. नाझरेथच्या कर्मशाळेत घाम गाळणारा प्रभू आपल्या सर्व कष्टकरी कुटुंबांचे रक्षण करो, हीच प्रार्थना.