सोनीपतला न सुटलेले डास

जनुके बदललेले डास सोडून रोगाचा प्रसार रोखण्याची वार्ता झळकली की ही कल्पना जणू कालच जन्मली असे वाटते. वस्तुतः डासाच्या प्रजननात हस्तक्षेप करून त्याची संख्या घटवण्याचे प्रयोग दिल्लीच्या परिसरात पन्नास वर्षांपूर्वीच झाले होते. त्या काळी जनुक कापून जोडण्याचे तंत्र बाल्यावस्थेत होते. साधने होती ती वंध्यत्व आणणारी रसायने आणि गुणसूत्रांची अदलाबदल.

कीटकाच्या वंध्य नरांनी रानातील माद्यांशी संग करावा आणि अंडी फोल जावीत, हे तत्त्व १९५४ मध्ये क्युरासाव बेटावर गुरांच्या जखमेत वाढणाऱ्या माशीवर यशस्वी ठरले होते. नर डास चावत नाही, त्यामुळे तो सोडण्यात धोका नाही, हा युक्तिवादही सोपा. पुढे जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी मिळून दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे संशोधन केंद्र उभे केले. पैसा अमेरिकेचा, तोही पीएल-४८० खालचा. म्हणजे आपण खाल्लेल्या अमेरिकन गव्हापोटी रुपयांत साठलेला.

केंद्राने प्रथम हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स हाती घेतला. त्याचे कोष थायोटेपा या रसायनात बुडवून नर वंध्य केले जात आणि दिल्लीलगतच्या धूलसिरससारख्या खेड्यांत मोठ्या संख्येने सोडले जात. त्याहून चतुर वाण होता तो पेशीद्रव्य पॅरिसच्या डासाचे आणि केंद्रक दिल्लीच्या डासाचे असलेला. अशा नराचा स्थानिक मादीशी मेळ जमत नाही. अंडी उबतच नाहीत. या विसंगतीमागे वोल्बाकिया नावाचा जिवाणू आहे, हे १९७१ मध्ये उघड झाले. खेड्यांतील निकाल मात्र मर्यादितच राहिले, कारण बाहेरून उडून येणाऱ्या, आधीच फळलेल्या माद्यांना कोण अडवणार?

मग ठरले सोनीपत. हरियाणातील त्या गावात एडीस इजिप्ती या डासाविरुद्ध मोहीम व्हायची होती. पण १९७४ मध्ये पीटीआयच्या वृत्ताने वादळ उठले. एडीस हा पीतज्वराचाही वाहक, आणि पीतज्वर तर भारतात नाही. मग त्याचा एवढा अभ्यास कोणासाठी? जैविक युद्धाची पूर्वतयारी तर नव्हे? प्रकरण संसदेत गेले. सोनीपतचे डास सुटलेच नाहीत. १९७५ मध्ये लोकलेखा समितीने आपल्या १६७व्या अहवालात या प्रकल्पाची कठोर झाडाझडती घेतली आणि त्याच वर्षी केंद्राचे काम आटोपले.

जैविक युद्धाचा आरोप सिद्ध झाला नाही, आणि मला तो पटतही नाही. मात्र समितीचा एक प्रश्न आजही टोचतो : देशापुढे संकट हिवतापाचे असताना प्राधान्य क्युलेक्स आणि एडीसला का? १९६५ मध्ये सुमारे एक लाखावर आलेले हिवतापाचे रुग्ण १९७६ मध्ये चौसष्ट लाखांवर पोहोचले. ज्यांच्या अंगणात डास सोडायचे त्यांना पुरेसे विश्वासात न घेणे ही या प्रकल्पाची खरी दुर्बलता होती.

त्यानंतर चार दशकांनी विषय परतला तो मराठवाड्यात. जानेवारी २०१७ मध्ये जालना जिल्ह्यात बदनापूरजवळील दावलवाडी येथे ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीने महिको-परिवारातील जीबीआयटी या संस्थेसह पिंजऱ्यांतील चाचण्या सुरू केल्या. हा एडीस खऱ्या अर्थाने जनुक बदललेला होता. त्याच्या पिल्लांच्या पेशींत एक प्रथिन साचत जाते आणि अळ्या प्रौढ होण्याआधीच मरतात. प्रयोगशाळेत टेट्रासायक्लीन देऊन तेवढी ती जगवता येतात. सोबत जोडलेल्या चमकत्या खुणेमुळे सूक्ष्मदर्शकाखाली ही अळी चटकन ओळखू येते. कापसाचे बीटी बियाणे ज्या जालन्यातून देशभर गेले, तेथेच हा डास यावा यात नवल नाही. पण तो पिंजऱ्याबाहेर पडला नाही. कंपनी पुढे दुसऱ्या पिढीच्या वाणाकडे वळली. ब्राझील आणि फ्लोरिडात ते सोडले गेले. दरम्यान पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्राने २०२२ मध्ये वोल्बाकियायुक्त एडीस तयार केल्याचे जाहीर केले. दिल्लीतल्या क्युलेक्सचा तो जिवाणूच नव्या कामावर रुजू झाला म्हणायचे.

जबलपूरच्या वाचकांना यात आपले काय, असे वाटेल. तेथील आदिवासी आरोग्य संशोधन संस्था १९८४ पासून मंडला-बालाघाटच्या जंगलपट्टीतील हिवतापाचा मागोवा घेत आहे. २०१७ पासून मंडल्याच्या १,२३३ गावांत झालेल्या निर्मूलन-प्रकल्पात जनुकीय डास नव्हते. होती ती रक्ततपासणी, तत्काळ औषधोपचार, औषधी मच्छरदाण्या आणि घरोघर फिरणारे कार्यकर्ते. तेथील मुख्य वाहक ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीज आणि फ्लुव्हिॲटिलिस. ऑक्सिटेकचा एडीस त्यांच्या माद्यांचे काहीच बिघडवू शकत नाही. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात जीन-ड्राइव्हचा जो प्रयोग झाला तो स्टीफेन्सीवर, म्हणजे शहरातल्या टाक्या-हौदांतील डासावर. गोंड-बैगांच्या पाड्यांवरील झऱ्या-ओढ्यांत वाढणाऱ्या डासासाठी तो सारा खटाटोप नव्याने करावा लागेल, आणि त्याआधी त्या पाड्यांना विचारावेही लागेल.