जंगलात तंबू टाकायचे पैसे कशाला? वन शुल्काचा वाद, कायदा आणि आपला भाग

पावसाळा संपत आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय सुरू होतो, यंदा कुठे? पारगड, महिपाळगड, कलानिधीगड बघून झालेले असतात. मग कोणीतरी भीमगडाचं नाव काढतो, कोणी दाजीपूरचं, कोणी दूधसागरचं. लगेच दुसरा विचारतो, "तिकडं परवानगी लागते म्हणे, पैसे पण भरायला लागतात. जंगलाला कसले पैसे?"

प्रश्न साधा आहे, पण उत्तर बहुतेकांना माहीत नसतं. हा वाद फक्त आपल्याकडचाही नाही. अमेरिकेत तंबूच्या अशाच शुल्कावरून लोक थेट कोर्टात गेले होते. म्हणून शुल्क कोणत्या कायद्याने घेतलं जातं, विरोध कशाला होतो आणि आपल्या भागातल्या माणसाने काय विचारायला पाहिजे, ते एका ठिकाणी देत आहोत.

आपल्याभोवतीची जंगलं

बेळगाव मध्यभागी धरलं तर तीन राज्यांची संरक्षित जंगलं एका दिवसाच्या टप्प्यात येतात. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर, घोषणा २०११ ची. दक्षिणेला उत्तर कन्नड जिल्ह्यात काळी व्याघ्र प्रकल्प, त्यात अणशी राष्ट्रीय उद्यान. पश्चिमेला गोव्यात भगवान महावीर अभयारण्य आणि त्यातलं मोले राष्ट्रीय उद्यान. निपाणीहून मुधाळ तिट्टामार्गे गेलं की राधानगरी-दाजीपूर. हे महाराष्ट्रातलं पहिलं अभयारण्य, १९५८ पासूनचं. आणखी वर गेलं की चांदोली राष्ट्रीय उद्यान.

आमच्या कॉलेजच्या दिवसांत भीमगड अभयारण्य झालेलं नव्हतं, नुसतं राखीव जंगल होतं. पिशवीत तांदूळ-डाळ घालून पोरं जायची, ओढ्याकाठी झोपायची, कोणी विचारत नव्हतं. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांच्या मनात तेच चित्र आहे. त्यामुळे शुल्काचं नाव काढलं की त्यांना राग येतो. हा राग कळण्यासारखा आहे, पण मधल्या काळात जंगलाचा कायदेशीर दर्जा बदलला, हेही लक्षात घ्यायला लागतं.

कायदा काय सांगतो?

मूळ कायदा म्हणजे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. त्यातली ही कलमं महत्त्वाची.

कलम २७ : अभयारण्यात कोणाला परवान्याशिवाय जाता येतं याची यादी. कामावर असलेला सरकारी नोकर, आत राहण्याची परवानगी असलेला माणूस, आत ज्याची जमीन-घराची मालकी किंवा हक्क आहे तो, या सगळ्यांवर अवलंबून असलेली घरची माणसं आणि सार्वजनिक हमरस्त्याने पलीकडे जाणारा वाटसरू. बाकी सगळ्यांना परवाना लागतो.

कलम २८ : परवाना कशासाठी मिळतो? वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी असलेलं कायदेशीर काम. याच कलमात पुढे लिहिलंय की आत जाण्याचा किंवा राहण्याचा परवाना ठरलेल्या अटींवर आणि ठरलेलं शुल्क घेऊन दिला जाईल. तंबूच्या शुल्काचं मूळ इथे आहे.

कलम ३० : जंगलाला धोका होईल अशा रीतीने आत आग पेटवायला बंदी. तंबूबाहेरची शेकोटी यात सापडू शकते.

कलम ३५ : अभयारण्याचे हे नियम राष्ट्रीय उद्यानांनाही लागू.

नियम मोडला तर कलम ५१. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

म्हणजे 'शुल्क बेकायदेशीर आहे' हा मुद्दा आपल्याकडे टिकत नाही. शुल्क घ्यायचा अधिकार कायद्यातच आहे. पण तेवढ्याने वाद संपत नाही. किती घ्यायचं, कशाच्या बदल्यात घ्यायचं आणि तो पैसा कुठे जातो, हे प्रश्न राहतातच.

ऑनलाइन बुकिंग कुठून आलं?

कर्नाटकात याचं तात्कालिक कारण म्हणजे कुमार पर्वत. जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या सुट्टीत पुष्पगिरी अभयारण्यातल्या या डोंगरावर हजारो लोक एकदम पोहोचले. वाटेवर माणसांची रांग लागल्याचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. त्यानंतर वनमंत्री ईश्वर खंड्रे यांनी ऑनलाइन बुकिंग नसलेल्या ठिकाणचं ट्रेकिंग थांबवायला सांगितलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'अरण्य विहार' नावाची वेबसाइट सुरू झाली. एका वाटेवर दिवसाला जास्तीत जास्त ३०० माणसं, आधी बुकिंग, आधी पैसे.

गोव्यात कारण वेगळं होतं. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातल्या मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर वन खात्याने अभयारण्यातल्या धबधब्यांवर जायला बंदी घातली. त्याच महिन्यात दूधसागरला रेल्वे रुळावरून चालत गेलेल्या पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ गाजला. कॅसलरॉकहून रुळावरून चालत जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. तिथे शुल्क भरून सुटका नाही.

सरकारची बाजू म्हणून गर्दी, अपघात आणि कचरा ही तीन कारणं सांगितली जातात. भीमगडापुरतं चौथंही आहे. तिथल्या बारापेडे गुहांत राऊटनची वटवाघळं राहतात. जगात फार थोड्या ठिकाणी ती सापडली आहेत. रात्री टॉर्च आणि स्पीकर घेऊन चाळीस पोरं गुहेजवळ उतरली तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

विरोध करणारे काय म्हणतात?

सगळे विरोधक 'फुकट पाहिजे' म्हणणारे नसतात. त्यांचे मुद्दे साधारण असे आहेत.

एक, पायी जाणारा जंगलाकडून काही मागत नाही. त्याला रस्ता नको, हॉटेल नको. झोपायला चार हात जमीन पुरते. जीपवाल्याला आणि त्याला एकाच तागडीत का तोलायचं?

दोन, सुविधा नाही तर शुल्क कसलं? वाटेवर पाटी नाही, पाण्याची सोय नाही, अडचण आली तर कोणाला फोन करायचा तेही माहीत नाही.

तीन, शुल्क एकदा लागलं की वाढतच जातं.

चार, ठरवताना कोणालाच विचारलं नाही. ना फिरणाऱ्यांना, ना जंगलात राहणाऱ्यांना.

सीमेवरचंच एक उद्यान, अमेरिकेतलं

यातल्या प्रत्येक मुद्द्यावर ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात भांडण झालं. हे उद्यानही सीमेवरचं आहे, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांच्या मध्ये. १९३४ मध्ये ते झालं तेव्हा सरकारने मोकळी पडीक जमीन घेतली नव्हती. तिथे शेती करणाऱ्या कुटुंबांकडून जमिनी विकत घेतल्या, लोकांना उठवलं. उद्यानातून जाणारा मुख्य रस्ता टेनेसीने केंद्राकडे सोपवताना टोल घ्यायचा नाही अशी अट घातली. त्यामुळे तिथे प्रवेश शुल्क नाही. 'आमच्या आजोबांची जमीन गेली, निदान आत जायला पैसे नकोत' ही तिथल्या लोकांची भावना.

२०११ मध्ये उद्यानाने आतल्या जंगलात रात्री तंबू टाकणाऱ्यांना शुल्क लावायचा प्रस्ताव मांडला. बुकिंगची नीट व्यवस्था आणि जादा रेंजर हे कारण दिलं. लोकांच्या हरकती मागवल्या तर बहुसंख्य विरोधात आल्या. तरी १३ फेब्रुवारी २०१३ पासून माणशी एका रात्रीला ४ डॉलर सुरू झाले. 'सदर्न फॉरेस्ट वॉच' या स्थानिक गटाने दावा लावला. गर्दीची तक्रार फुगवून सांगितली, लोकांचं ऐकलं नाही, असं त्यांचं म्हणणं. २०१५ मध्ये कोर्टाने उद्यानाच्या बाजूने निकाल दिला, अपिलातही तोच राहिला. मार्च २०२३ मध्ये शुल्क दुप्पट, म्हणजे ८ डॉलर झालं. १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी लावणाऱ्यांसाठी पार्किंगचं शुल्कही त्याच वेळी आलं.

'वाढतच जातं' म्हणणाऱ्यांचं तेवढं खरं ठरलं. पण दुसरी बाजू पण बघा. तिथल्या २००४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा शुल्कातला निदान ८० टक्के पैसा जिथे जमा झाला त्याच ठिकाणी वापरायचा असतो. लोक हरले, पण पैसा कुठे गेला हे विचारायला त्यांच्या हातात आकडा राहिला.

आपला पैसा कुठे जातो?

मी बी.कॉम. झालेला माणूस. पावती हातात आली की समोरच्या बाजूची नोंद शोधायची सवय आहे. जमा दिसते, खर्च कुठाय?

व्याघ्र प्रकल्पांसाठी याची काहीशी सोय आहे. वन्यजीव कायद्यात २००६ मध्ये दुरुस्ती होऊन प्रत्येक व्याघ्र प्रकल्पाला 'व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान' असावं असं ठरलं. गेटवर जमलेला पैसा त्याच जंगलासाठी आणि भोवतीच्या गावांसाठी फिरवता यावा, ही त्यामागची कल्पना. काळी आणि सह्याद्री हे व्याघ्र प्रकल्प असल्यामुळे त्यांना ही तरतूद लागू. भीमगड आणि राधानगरी ही साधी अभयारण्यं आहेत, त्यांना ती आपोआप लागू होत नाही. म्हणजे खानापूरच्या जंगलाच्या नावाने भरलेला रुपया खानापुरातच राहील याची हमी कायदा देत नाही. माझ्या मते आपल्या भागात विरोधाचा खरा मुद्दा हाच असायला हवा. शंभर रुपये भरायला बहुतेकांची तयारी असते. त्या शंभरातले किती जंगलाला आणि गावाला गेले, हे कोणी सांगत नाही.

वाडीवरच्या माणसाचं काय?

या सगळ्यात भीमगडच्या आतल्या वाड्या विसरल्या जातात. गवाळी, कोंगळा, पास्टोली, आमगाव, कृष्णापूर, देगाव, तळेवाडी. म्हादईचा उगम देगावच्या परिसरात. पावसात ओढ्यांना पाणी आलं की यातल्या काही वाड्यांचा संपर्क तुटतो, आजारी माणसाला तिरडीसारखा बांधून खांद्यावरून आणावं लागतं. पक्का रस्ता मागितला की अभयारण्याचा नियम दाखवला जातो. तळेवाडीच्या २७ कुटुंबांनी भरपाई घेऊन बाहेर पडायचं कबूल केलं, २०२५ मध्ये त्यांना पहिला हप्ता मिळाला.

या लोकांना स्वतःच्या घरी जायला शुल्क नाही, कलम २७ तसं स्पष्ट सांगतं. पण त्यांच्याकडे लग्नाला, जत्रेला येणाऱ्या पै-पाहुण्याचं काय? नुसत्या पाहुण्याचा उल्लेख त्या यादीत नाही. तेव्हा गेटवर अडवलं तर कलम २८ मधलं 'आत राहणाऱ्या माणसाशी असलेलं कायदेशीर काम' हे कारण दाखवून परवाना मागता येतो. आणि जी पायवाट पर्यटकाला शुल्क घेऊन दाखवली जाते, ती बहुतेक वेळा याच वाडीवरच्या माणसांनी चालून चालून केलेली असते. वाटाड्याचं काम, जेवणाचं काम, तंबूच्या जागेची देखरेख त्यांच्याकडे आली तर शुल्काला गावातून विरोध होणार नाही. ते काम बाहेरच्या ठेकेदाराकडे गेलं, तर कितीही कमी शुल्क असलं तरी ते जास्तच वाटणार.

जाणाऱ्यांसाठी

• जंगल राखीव आहे, अभयारण्य आहे की राष्ट्रीय उद्यान, ते आधी विचारा. नियम त्यावर ठरतात.

• परवाना मिळाला म्हणजे मुक्कामाची परवानगी मिळाली असं नाही. कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात दिवसाचं ट्रेकिंग आहे, तंबूला बंदी आहे. भीमगडात मुक्काम करायचा तर हेम्माडग्याच्या निसर्ग शिबिरासारखी ठरलेली जागाच बघावी.

• पैसे भरले की पावती घ्याच. पावतीवर कोणाच्या नावाने जमा झाले ते वाचा. पावती नसेल तर ते शुल्क नव्हे.

• दर बदलत असतात. कोणाच्या जुन्या व्हिडिओवर विसंबू नका.

हिशोब कसा मागायचा?

माहिती अधिकार कायदा, २००५ याच कामाचा आहे. कर्नाटकात अर्जाचं शुल्क १० रुपये. अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा असा इथला नियम. गेल्या तीन वर्षांत अमुक अभयारण्यात प्रवेश, ट्रेकिंग आणि मुक्कामापोटी किती रक्कम जमा झाली, ती कोणत्या खात्यात गेली आणि त्यातली किती त्याच अभयारण्यात खर्च झाली, एवढं विचारलं तरी पुरे.

आपल्या भागासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला पाहिजे. हा अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा असं कायद्याचं कलम ६ सांगतं. कर्नाटकात ती कन्नड. त्यामुळे मराठीत लिहिलेला अर्ज भाषेचं कारण दाखवून परत येऊ शकतो. देवनागरीतच पण हिंदीत लिहा. तो घ्यावाच लागतो, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पुढच्या वेळी गेटवर पैसे भरलेत की पावती फेकू नका. अर्जाला जोडायला उपयोगी पडेल.