विसाव्याची हंडी

काही वर्षांपूर्वी अमेरिकेतील एका धर्मग्रामात उन्हाळ्याचे दोन महिने सेवा करण्याचा योग आला. रविवारच्या मिस्सानंतर सभागृहात सहभोजन होई. तेथे एक वृद्ध भगिनी विजेवर मंद तापणाऱ्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये, शिजवलेले ‘पीच कॉब्लर’ आणीत. तळाशी साखरेत विरघळलेली फळे, वर लोण्यात मळलेल्या पिठाचा जाड थर. चव उत्तम, रंग मात्र फिकट.

कॉब्लर हे मुळात भट्टी नसलेल्यांचे पक्वान्न. अमेरिकेत स्थिरावू पाहणारे वसाहतकरी बिडाच्या भांड्यात फळे घालून वर पीठ पसरीत आणि झाकणावरही निखारे रचीत. आपल्याकडे पूर्वी केक याच रीतीने भाजत. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द केंटकी हाउसवाइफ’ या ग्रंथात लेटिस ब्रायन यांनी पीच कॉब्लरची कृती दिली आहे. पाहुण्यांपुढे मिरवण्याजोगा नसला तरी घरच्यांसाठी हा पदार्थ फार चांगला, असा त्यांचा अभिप्राय. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतरही तो खोटा ठरलेला नाही!

त्या विजेच्या भांड्याचा इतिहास मात्र निराळ्याच भूमीत सुरू होतो. शिकागोचे संशोधक अर्व्हिंग नॅक्सन यांच्या मातोश्री तमारा यांचे बालपण व्हिल्ना शहरात, म्हणजे आजच्या लिथुएनियातील व्हिल्निअसमध्ये गेले. शब्बाथ दिवशी घरात अग्नी पेटवू नये, ही निर्गमच्या ग्रंथातील आज्ञा. म्हणून शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी कडधान्य, कंद व मांस भरलेली ‘चोलंट’ची हंडी घेऊन ही मुलगी पाववाल्याकडे जाई. विझलेल्या भट्टीच्या उरल्या उबेत ती रात्रभर शिजे. (आपल्या कोकणातील बेने इस्राएल बांधव शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आज्ञा तीच.) आईची ही आठवण ऐकून नॅक्सन यांनी विजेची हंडी घडविली. १९३६ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि जानेवारी १९४० मध्ये ते मिळाले. त्यानंतर दीड वर्षही झाले नव्हते, तोच जून १९४१ मध्ये व्हिल्ना नाझींच्या हाती पडले. तेथील बहुतांश यहुदी मारले गेले. त्यांतील हजारोंना शहराबाहेरच्या पोनारी जंगलात गोळ्या घालण्यात आल्या. त्या भट्ट्यांकडे हंड्या नेणारी मुले उरली नाहीत.

१९७० साली कॅन्सस सिटीच्या ‘रायव्हल’ कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी हे भांडे ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणले. अमेरिकन स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरीसाठी बाहेर पडत होत्या. सकाळी भरून ठेवा, संध्याकाळी जेवण तयार, हे त्यांना पटले. गृहिणींना त्याचा आधार झाला, हे मी नाकारीत नाही. परंतु लोकांना काम थांबविता यावे म्हणून जी हंडी जन्मली, ती कामाला अधिक वेळ मिळावा म्हणून खपली, ही गोष्ट मला आजही बेचैन करते.

परतण्यापूर्वी मी त्या भगिनींना कृती विचारली. मिस्साला निघताना त्या फळांवर पीठ पसरून भांडे जास्त आचेवर लावीत. सुमारे अडीच तासांत ते तयार होई. आतील उष्णता उकळत्या पाण्यापलीकडे जात नाही, म्हणून पीठ शिजते पण खरपूस होत नाही.

“फादर, एवढे ध्यानात ठेवा,” त्या म्हणाल्या, “झाकणाखाली कोरडे फडके ताणून बसवा. नाहीतर वाफेचे पाणी ठिबकून पिठाचा लगदा होतो.”