जवळचं रेल्वे स्टेशन

फौजेत प्रत्येक जवानाच्या कागदांवर घरचा पत्ता एका ठरावीक क्रमाने लिहिलेला असतो. गाव, डाकघर, तहसील, जिल्हा, राज्य आणि शेवटी तीन अक्षरं: एनआरएस. म्हणजे घराजवळचं रेल्वे स्टेशन. रजेचा कागद असो, रेल्वे वॉरंट असो, की घरी पाठवायची वाईट बातमी असो, हा रकाना भरलेला लागतो. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत असे हजारो पत्ते डोळ्यांखालून गेले. कांगड्याच्या डोग्रा पोरांच्या पत्त्यांत येणारी नावं तर पाठ झाली होती: नगरोटा, पालमपूर, बैजनाथ पपरोला, अहजू, जोगिंदरनगर. या स्टेशनांवर गाडी येते की नाही, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

तो पडला २०२२ साली. मी तेव्हा ईशान्येत पलटणीचा सीओ होतो. बैजनाथच्या वरच्या बाजूला घर असलेला एक जवान ऑगस्टच्या शेवटी रजेवरून एक दिवस उशिरा आला. माझ्यासमोर आणला तेव्हा एवढंच म्हणाला, "साब, पुल गिर गया।" पावसाळ्यात रजेवरून उशिरा येणाऱ्या प्रत्येकाचा कुठला ना कुठला पूल पडलेला असतो. मी ताकीद देऊन त्याला परत पाठवलं.

पुढच्याच वर्षी माझी बदली कांगडा खोऱ्यात झाली. पठाणकोटहून निघालो आणि पंजाब-हिमाचलच्या सीमेवर चक्की नदी लागली. पात्रात जुन्या रेल्वेपुलाचं जे काही उरलं होतं, ते ड्रायव्हरने बोट करून दाखवलं. २० ऑगस्ट २०२२ च्या पुरात त्या पुलाचा खांब ढासळला होता. पोरगा खरं बोलत होता.

त्या संध्याकाळपासून मी या रेल्वेच्या मागे लागलो. जे समजलं ते आपल्या वाचकांना, विशेषतः निवृत्त मंडळींना, सांगावंसं वाटतं. कारण ही रेल्वे एकदा आपल्याच कामासाठी, म्हणजे युद्धासाठी, उखडली गेली होती.

पठाणकोट ते जोगिंदरनगर ही १६४ किलोमीटरची अरुंद लोहमार्गाची रेल्वे. रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. आपली जुनी बार्शी लाइट आणि विदर्भातली शकुंतला याच मापाच्या. काम १९२६ साली सुरू झालं आणि १ एप्रिल १९२९ पासून प्रवासी गाडी धावू लागली. धौलाधारच्या पायथ्याशी एवढा मार्ग, पण बोगदे फक्त दोन. डोंगर फोडण्यापेक्षा त्याला वळसा घालायचा, नाले ओलांडायला पूल बांधायचे, असं अभियंत्यांनी ठरवलं. त्यामुळे पूल आणि वळणं अमाप झाली. खर्चही मूळ अंदाजाच्या दुपटीवर गेला.

एवढा खटाटोप प्रवाशांसाठी नव्हता. उहल नदीचं पाणी डोंगरातून बोगद्याने आणून जोगिंदरनगरजवळ शानन इथे वीज तयार करायची, ही कर्नल बॅटी या अभियंत्याची योजना होती. त्या वीजघराची अवजड यंत्रं वर कशी न्यायची, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे ही रेल्वे. वीजघर १९३३ साली सुरू झालं आणि वीज थेट लाहोरपर्यंत गेली. यंत्रं पोचली तशी रेल्वेची मूळ गरज संपली. तोवर लोकांनी मात्र ती आपलीशी केली होती. भाजीची टोपली, शाळेची पोरं, ज्वालामुखीला आणि बैजनाथला जाणारे भाविक, रजेवर येणारा शिपाई, सगळे त्याच डब्यात.

मग दुसरं महायुद्ध आलं. रूळ, इंजिनं, डबे यांची सगळीकडे ओढ लागली. हिंदुस्थानातून असं सामान पश्चिम आशियातल्या आघाड्यांसाठीही गेलं. ज्या फाट्यांवर उत्पन्न कमी ते उखडायचे, असा सरळ हिशेब होता. त्या हिशेबात नगरोट्यापासून जोगिंदरनगरपर्यंतचा मार्ग सापडला. १९४२ साली तो बंद झाला, रूळ काढले गेले. जवळजवळ एक तृतीयांश रेल्वे नाहीशी झाली.

फौजी म्हणून मी या निर्णयाला चूक म्हणणार नाही. १९४२ साली मीही कदाचित त्याच कागदावर सही केली असती. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही लिहून ठेवलं पाहिजे. कांगडा हा भरतीचा जिल्हा. त्याच काळात इथली पोरं आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात लढत होती. नगरोट्यापासून थोड्याच अंतरावर योलच्या छावणीत इटालियन युद्धकैदी ठेवलेले होते. आणि तिथून पुढे, ज्या गावांतली पोरं लढायला गेली होती, त्या गावांची गाडी बंद होती.

पालमपूरच्या पुढच्या एका गावात नव्वदी ओलांडलेले एक माजी हवालदार भेटले. आमच्या भागात निवृत्तांची विचारपूस करायला जाणं हे माझ्या कामातच होतं. चहा पिता पिता रेल्वेचा विषय काढला तर म्हातारबुवा खुलले. रूळ काढले तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. वडील पलटणीत. ते लढाईवरून परतले ते नगरोट्याला उतरून काळी पेटी डोक्यावर घेऊन, काही बसने आणि काही पायी. "हमारे पिताजी भी लाम पर गए, हमारी रेल भी लाम पर गई। पिताजी लौट आए," असं म्हणून ते हसले. लाम म्हणजे लढाई. पहिल्या महायुद्धापासूनचा इकडचा शब्द आहे.

रेल्वेही परतली, पण बारा वर्षांनी. १९४५ साली युद्ध संपलं, १९४७ साली देश स्वतंत्र झाला, फाळणीत लाहोर पलीकडे गेलं. काश्मीरच्या लढाईत पठाणकोट हे आपलं शेवटचं मोठं रेल्वेठाणं झालं. १९७२ साली जम्मूला प्रवासी गाडी पोचेपर्यंत ते तसंच राहिलं. तिकडच्या मार्गांची निकड मोठी होती. मुकेरियां-पठाणकोट हा नवा मार्ग १९५२ पर्यंत उभा राहिला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत युद्धकाळात उखडलेले मार्ग परत टाकण्याचं कामही धरलेलं होतं. त्यातून १९५४ च्या एप्रिलमध्ये जोगिंदरनगरला पुन्हा गाडी आली.

मला या सगळ्या इतिहासात हे साल सर्वांत मोठं वाटतं. १९२९ ची गाडी यंत्रांसाठी आली होती. १९५४ साली वीजघर उभं होतं, चालूही होतं. रूळ परत टाकण्याचं मुख्य कारण आता माणसं होती. गरीब देशाने, रोकड्या हिशेबात न बसणारी गाडी आपल्या डोंगरी लोकांना परत दिली.

पुढे अजून एकदा परीक्षा झाली. बियास नदीवर पोंग धरण झालं आणि जवांवाला शहर ते गुलेर हा भाग जलाशयामुळे १९७३ साली बंद करावा लागला. नवीन आखणी करून १९७६ साली गाडी परत जोडली. पाण्याखाली गावं गेली, शेतं गेली, पण गाडी गेली नाही.

चक्कीचा पूल पडल्यावर मात्र ही रेल्वे पठाणकोटपासून तुटली. २०२३ साली मी पाहिलं ते असं: वरच्या भागात नूरपूर रोडकडून गाडी कधी चालायची, पावसात दरड आली की तीही थांबायची. त्या वर्षीचा पावसाळा हिमाचलला फार वाईट गेला. गावकरी बसने जात होते, आणि बसचं भाडं या गाडीच्या तिकिटाच्या कितीतरी पट. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना फरक पडत नाही. रोज तालुक्याला दवाखान्यात किंवा कॉलेजात जाणाऱ्यांना पडतो. नदीत नव्या पुलाचं काम चालू होतं, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिकडे एकदा बघायचा.

मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला आठवली. ती कापसासाठी आली. कापूस ट्रकवर गेला, पण गावं गाडीला धरून राहिली. आता ती बंद आहे आणि विदर्भातली माणसं अजून तिची मागणी करत आहेत. बंद करायला एक आदेश पुरतो. परत सुरू करायची तर आधी कारण सिद्ध करा, असं सांगितलं जातं. "सामरिक महत्त्व" हे दोन शब्द लागले की फाइल लवकर हलते, हे मी आमच्या बाजूने पाहिलं आहे. पण ज्या खोऱ्याने पहिलं परमवीर चक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा दिले, कॅप्टन विक्रम बत्रा दिले, तिथल्या पोराला घरी सुखरूप पोचवणारी गाडी सामरिक नाही, असं मला म्हणता येत नाही.

परतल्यावर जुन्या पलटणीच्या सुभेदार मेजर साहेबांना फोन केला. त्या जवानाला माझ्याकडून सांगा, म्हटलं, की सीओ साहेबांनी पूल बघितला. साहेब थोडं थांबून म्हणाले, "सर, वो अभी फिर छुट्टी जा रहा है।" मी विचारलं, रजेच्या कागदावर स्टेशन काय लिहिलंय?

बैजनाथ पपरोला. अजूनही तेच. मी म्हटलं, राहू द्या तसंच. फक्त प्रवासाचा एक दिवस जास्त धरा.

जय हिंद.